जरीचा फेटा

२१ व २२ मार्च १९२० रोजी कोल्हापूर संस्थानातील माणगावी बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्ष होते कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले २८ वर्षांचे भीमराव आंबेडकर. शाहू महाराजांनी त्यांना जरीचा फेटा बांधून आहेर केला, ही आठवण कोल्हापुरात आजही सांगतात. मला या फेट्याविषयी बोलायचे आहे.

राजाने विद्वानाचा मान केला, एवढाच त्याचा अर्थ नव्हे. ज्याच्या जातीला मढ्यावरचे कापड ‘हक्क’ म्हणून मिळे, त्याच्या डोक्यावर जर चढली होती! मनूने चांडाळाला प्रेताची वस्त्रे नेमून दिली. गावगाड्याने तोच नेम महाराच्या वाट्याला घातला. अंगावरचे कापड पाहून लांबूनच जात कळावी, अशी ही व्यवस्था. तिथे आवडीनिवडीचा प्रश्न नव्हताच. कापड हाच कायदा होता.

या कायद्याचे दात आठ वर्षांनी इंदूर संस्थानात दिसले. तिथल्या पंधराहून अधिक गावांतील सवर्णांनी बलाई जातीवर हुकूम बजावले: जरीकाठी पगडी बांधू नये, रंगीत काठाचे धोतर नेसू नये, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत. बलायांनी नकार देताच त्यांचे पाणी तोडले, गुरांची चराई बंद केली. बाबासाहेबांनी हा प्रकार १९३६ च्या ‘जातिभेदाचे निर्मूलन’ या न होऊ दिलेल्या भाषणात नोंदवून ठेवला आहे. माणगावी जो आहेर ठरला, तोच इंदूरकडे गुन्हा ठरला. जर तीच, प्रश्न होता तो हुकमाचा. कोणी काय ल्यावे हे ठरवणार कोण?

त्याचे उत्तर डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मिळाले होते. बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना जात दाखवणारी नेसण्याची तऱ्हा व ते दागिने टाकून देण्यास सांगितले. कापड फाटके असो, पण स्वच्छ असो, हाही आग्रह धरला. गुडघ्यापर्यंतचे लुगडे घोट्यापर्यंत आले. फेटा राजाने दिला होता. हे लुगडे आमच्या आयाबायांनी स्वतःच्या हाताने खाली ओढले. माझ्या लेखी हा इतिहास फेट्याहून मोठा आहे.

कपड्यात काय आहे, असे म्हणणे ज्यांना कोणी कधी अडवले नाही त्यांनाच परवडते. फेटा बांधून घोड्यावर बसलेल्या दलित नवरदेवाला मारहाण झाल्याच्या बातम्या आजही येतात. पोशाख आम्ही बदलला. तो पाहणारी नजर बदलण्याचे काम अजून उरले आहे, आणि ते एकट्या आमचे नाही.