मोलकरणीच्या हातापासून सेन्सरपर्यंत: घरातल्या समुद्राची गोष्ट

हेडफोन लावले असतील तर सुरू करूया. आजच्या एपिसोडमध्ये राजे नाहीत, लढाया नाहीत. आज गोष्ट आहे काचेच्या टाकीतल्या समुद्राची. इन्स्टावर तुम्ही ते रील्स बघितले असतील, निळ्या लाइटखाली डोलणारी प्रवाळं आणि मधून फिरणारा नारंगी-पांढरा क्लाउनफिश. ही टाकी घरात चालवायला माणसाला शंभराहून जास्त वर्षं का लागली, आणि आज तिचा उपयोग नक्की कोणाला आहे, ते बघूया.

साल १८४६. ॲना थिन नावाची बाई इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्कीला गेली होती. तिथे तिला खडकांत छोटी, वाटीसारखी प्रवाळं दिसली. हे उष्ण समुद्रातलं रीफचं प्रवाळ नव्हे, थंड पाण्यात एकेकटं वाढणारं. तिने ती लंडनला आणायचं ठरवलं. प्रवासात आपटू नयेत म्हणून तिने सुई-दोऱ्याने ती स्पंजला शिवली आणि पाण्याच्या बरणीत ठेवली. घर कुठे, तर वेस्टमिन्स्टरमध्ये, समुद्रापासून लांब.

आता प्रॉब्लेम बघा. समुद्राचं पाणी बरणीत भरून ठेवलं की त्यातला ऑक्सिजन संपतो. पंप नाही, वीज नाही. मग उपाय काय? घरातली मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायची. पुन्हा पहिल्यात. अर्धा-पाऊण तास. आपल्याकडे टपरीवाला चहा उंचावरून ओततो ना, तसंच काहीसं. पुढे ॲनाने त्यात समुद्री वनस्पती टाकल्या, म्हणजे ऑक्सिजन आतच तयार होऊ लागला. ही प्रवाळं जवळजवळ तीन वर्षं जगली, त्यांना पिल्लं झाली आणि ॲनाने त्या सगळ्याच्या नोंदी ठेवल्या. त्या १८५९ मध्ये एका विज्ञान नियतकालिकात छापून आल्या. ॲनाचं नाव आज पुस्तकांत सापडतं. ज्या हातांनी तो समुद्र जिवंत ठेवला, त्या मोलकरणीचं नाव मला कुठेच मिळालं नाही.

तसं बघितलं तर ॲनाच्याही आधी, १८३२ मध्ये, सिसिलीतल्या मेसिना शहरात जान व्हिलप्रो-पॉवर या फ्रेंच बाईने काचेच्या टाक्या बनवल्या होत्या. ही आधी पॅरिसमध्ये कपडे शिवायची. आर्गोनॉट नावाचा ऑक्टोपसचा भाऊबंद आपला शिंपला दुसऱ्याकडून ढापतो की स्वतः बनवतो, यावर तेव्हाचे विद्वान भांडत होते. हिने टाकीत ठेवून रोज पाहिलं आणि सिद्ध केलं की तो स्वतः बनवतो. म्हणजे समुद्री ॲक्वेरियमची सुरुवात ड्रॉइंग रूमच्या शोपीसपासून नाही झाली. ती झाली एका प्रश्नापासून, आणि रोज बघण्यापासून.

पण पुढे शोपीसवाले आलेच. १८४५ मध्ये ब्रिटनने काचेवरचा कर काढला, काच स्वस्त झाली. रेल्वेने किनारा जवळ आणला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि मध्यमवर्गाला अक्षरशः वेड लागलं. गॉसने क्षार मिसळून कृत्रिम समुद्राचं पाणी करायची रीतही छापली. आज आपण पाकिटातलं मीठ आरओच्या पाण्यात घालतो, त्याचा पणजोबा हाच.

या वेडाची किंमत कोणी दिली? किनाऱ्याने. लोक टोपल्या, छिन्न्या घेऊन जायचे आणि खडकांवरचे जीव खरवडून आणायचे. घरी नेलेले बहुतेक जीव लवकरच मरायचे, मग पुन्हा किनाऱ्यावर. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ साली लिहिलेल्या आठवणींत हे स्पष्ट लिहिलंय की लहानपणी पाहिलेले ते समृद्ध खडक उजाड झाले. ज्या माणसाने समुद्रावर प्रेम करायला शिकवलं, त्याच्याच पुस्तकाने किनारा रिकामा केला. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपण परत येणार आहोत.

आता जरा इंजिनिअरिंग. जीव मरत का होते? दोन उत्तरं होती. पहिलं विल्यम ॲल्फर्ड लॉइडने दिलं. १८७१ च्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात त्याने खाली अंधारात एक प्रचंड हौद बांधला आणि पंपाने पाणी सतत वर-खाली फिरवत ठेवलं. पाणी जास्त असेल तर गडबड हळू होते, हे साधं तत्त्व. आज टँकखालच्या कपाटात जो 'संप' असतो, तो याच विचाराचा वारस.

दुसरं उत्तर डोळ्यांना न दिसणारं होतं. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो आणि तो विष आहे. १८९० च्या सुमारास सेर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने दाखवलं की एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. तो काम मातीवर करत होता. पण टाकीचं कोडं त्यातच सुटलेलं होतं: टाकीत आधी जिवाणू वसले पाहिजेत, मासे नंतर.

हे मी रोज बघतोय म्हणून सांगतो. माझ्याकडे पुण्यात शंभर लिटरचा टँक आहे. खाऱ्या पाण्याने भरून सहा आठवडे झाले, आणि त्यात एकही मासा नाही. घरी आलेले सगळे विचारतात, "अरे, रिकामाच ठेवलायस?" रिकामा नाहीये तो. त्यात कोरडे खडक आहेत आणि त्यांवर जिवाणूंची वस्ती बसतेय. आधी अमोनिया वर गेला. मग तो उतरायला लागला तसा नायट्राइट वर चढला. मग तोही उतरला आणि नायट्रेट दिसू लागलं. विनोग्राडस्कीचा सिद्धांत माझ्या स्प्रेडशीटवर तीन रेघांमध्ये उमटला. सर्व्हर लाइव्ह करण्याआधी लोड टेस्टिंग करतो ना, तेच हे.

मॉनिटरिंग म्हणजे काय करतो? तापमान २५-२६ अंशांच्या आसपास. त्याला सेन्सर लावलाय, दर पाच मिनिटांनी आकडा येतो. क्षारता लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम. इथे एक गंमत आहे. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. म्हणून पातळी कमी झाली की वरून गोडं पाणी घालायचं, खारं नाही. आणि अमोनिया अजूनही परीक्षानळीत थेंब टाकून, रंग कार्डाशी जुळवून बघतो. एवढं कोडिंग येत असूनही ते काम खिडकीपाशी उभं राहूनच होतं. तिथे उजेड चांगला असतो.

परत इतिहासाकडे. १९६१ मध्ये इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात लेख लिहिला. त्यांची पद्धत सोपी होती: रीफवरून जीवजंतूंसकट खडक आणायचे, समुद्राचं पाणी, भरपूर उजेड आणि हवेचे बुडबुडे. बस. या 'लाइव्ह रॉक'ला मी विरजण म्हणतो. दुधात चमचाभर दही घातलं की बाकीचं काम जिवाणू करतात, तसं.

मग १९७० च्या दशकापासून जर्मन भाषक मंडळींनी यात भर घातली. 'बर्लिन पद्धत' म्हणतात तिला. लाइव्ह रॉक, तीव्र प्रकाश आणि प्रोटीन स्किमर. स्किमर म्हणजे बारीक बुडबुड्यांचा फेस करून त्यात घाण अडकवायची आणि ती सडायच्या आत बाहेर काढायची. गुऱ्हाळात काहिलीतल्या उकळत्या रसावरची मळी काढतात, अगदी तसं. आणि प्रवाळांना सांगाडा बांधायला कॅल्शियम हवं, त्यासाठी चुन्याची निवळी थेंब-थेंब टाकायची. हो, पानाला लावतात तोच चुना! इथून पुढे टणक प्रवाळ घरात नुसतं जगायचं नाही, वाढू लागलं. वाढलं म्हणजे तोडून दुसऱ्याला देता येऊ लागलं. समुद्राला हात न लावता.

आता तो राखून ठेवलेला मुद्दा. मला मेसेज येतात, "दादा, कोरल कुठे मिळेल, लिंक दे ना." माझं उत्तर ठरलेलं आहे: नाही देणार. भारतात २००१ पासून रीफ बांधणारी सगळी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. समुद्रातून तुकडा काढणं, विकणं, विकत घेणं, सगळं गुन्हा. आणि प्रवाळ म्हणजे फक्त अंदमान-लक्षद्वीप नव्हे. आपल्या मालवणच्या समुद्रात आहे. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँकेवर आहे. गॉसच्या काळात इंग्लंडच्या किनाऱ्याचं जे झालं, ते इथे व्हायला फार माणसं लागणार नाहीत. माझ्या टँकमध्ये क्लाउनफिशची जोडी येईल, तीही टाकीतच जन्मलेली. प्रवाळ येणार नाही.

मग टाकीतल्या प्रवाळाचा काही उपयोगच नाही का? आहे, आणि तो मोठा आहे. लंडनमधल्याच हॉर्निमन म्युझियमने २०१२ मध्ये एक प्रकल्प सुरू केला. रीफवरची प्रवाळं वर्षातून ठराविक दिवसांत, पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री, एकत्र बीजं सोडतात. या टीमने टाकीवर संगणकाने सगळं वर्ष उभं केलं: सूर्योदय, सूर्यास्त, बदलतं तापमान, चंद्राच्या कला. आणि प्रवाळांनी टाकीत, ठरवलेल्या वेळी बीजं सोडली. ॲना थिनच्या शहरात.

आणि २०२३ चा जुलै. फ्लोरिडा कीजचा समुद्र इतका तापला की तिथल्या समुद्री रोपवाटिकांतली हजारो प्रवाळं घाईघाईने काढून जमिनीवरच्या टाक्यांत आणावी लागली. नीट ऐका. समुद्रातून वाचवून टाकीत. ज्या वस्तूने एके काळी किनारा ओरबाडला, तीच आता आसऱ्याची जागा झाली, कारण पावणेदोनशे वर्षं कोणी ना कोणी रोज पाणी तपासत, वही भरत बसलं होतं.

तुमच्यापैकी कोणाला असा टँक सुरू करायचा असेल तर दोनच गोष्टी सांगतो. पहिले दोन महिने मासा आणू नका. आणि दुकानदाराला विचारा, हा जीव टाकीत जन्मला की समुद्रातून उचलला? उत्तर गोलमोल आलं तर घेऊ नका.

एपिसोड आवडला तर मित्रांना पाठवा, आणि मालवणात तुम्ही स्वतः प्रवाळ पाहिलं असेल तर कॉमेंटमध्ये नक्की लिहा. भेटूया पुढच्या आठवड्यात!