हार्ड डिस्कचे विभाजन

हार्ड डिस्कचे विभाजन म्हणजे संगणकातील एकाच साठवण उपकरणाची जागा एकमेकांपासून स्वतंत्र अशा भागांत वाटून देण्याची प्रक्रिया होय. अशा प्रत्येक भागास पार्टिशन म्हणतात. प्रत्यक्ष चकती एकच असली तरी संचालन प्रणालीस प्रत्येक पार्टिशन वेगळ्या डिस्कप्रमाणे दिसते व त्यावर स्वतंत्र फाइल प्रणाली बसवता येते. भरलेल्या डिस्कची रचना बदलणे वेळखाऊ व जोखमीचे असल्याने नवीन डिस्क वापरात आणण्यापूर्वीच हे नियोजन करणे श्रेयस्कर ठरते.

विभाजन तक्ता

कोणते पार्टिशन कोठे सुरू होते व कोठे संपते, याची नोंद विभाजन तक्त्यात असते. १९८३ साली पीसी डॉस २.० सोबत आलेली एमबीआर ही पद्धत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये ही नोंद ठेवते. त्यातील ६४ बाइट तक्त्यासाठी असून प्रत्येक नोंद १६ बाइटांची असते. म्हणून प्राथमिक पार्टिशने चारच होऊ शकतात. सेक्टर क्रमांकासाठी ३२ बिट असल्याने ५१२ बाइटच्या सेक्टरवर ही पद्धत सुमारे २.२ टेराबाइटपर्यंतच पोहोचते.

जीपीटी ही नवी पद्धत यूईएफआय मानकाचा भाग आहे. तिच्यात सामान्यतः १२८ पार्टिशनांची सोय असते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. त्यामुळे पहिली प्रत बिघडली तरी दुसरीवरून रचना पूर्ववत करता येते. आजच्या संगणकांसाठी जीपीटीच योग्य समजली जाते.

नियोजन

विक्रेते १ टेराबाइट म्हणजे १०००,००,००,००,००० बाइट धरतात, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. म्हणून नवीन १ टेराबाइटची डिस्क सुमारे ९३१ गीगाबाइटची दिसते. यात जागेची तूट झालेली नसते.

विंडोज व लिनक्स या दोन्ही प्रणाली हव्या असणाऱ्या विद्यार्थ्यास अशा डिस्कची वाटणी उदाहरणार्थ पुढीलप्रमाणे करता येईल:

* ईएफआय पार्टिशन, फॅट३२ – १ गीगाबाइट
* विंडोज, एनटीएफएस – २०० गीगाबाइट
* लिनक्सचे मूळ पार्टिशन, ईएक्सटी४ – ६० गीगाबाइट
* स्वॅप – १६ गीगाबाइट
* वैयक्तिक माहिती, एनटीएफएस – उरलेले सुमारे ६५४ गीगाबाइट

ईएफआय पार्टिशन दोन्ही प्रणालींना सामाईक असते. माहिती वेगळ्या पार्टिशनवर ठेवल्यास संचालन प्रणाली पुन्हा बसवताना तिला हात लावावा लागत नाही. सामाईक पार्टिशनसाठी फॅट३२ गैरसोयीचे ठरते, कारण त्यात एक फाइल ४ गीगाबाइटपेक्षा मोठी असू शकत नाही. विंडोजमधील जलद प्रारंभाची सोय चालू असल्यास संगणक पूर्णपणे बंद होत नाही. त्या अवस्थेत लिनक्समधून विंडोजच्या पार्टिशनवर लिहिणे धोक्याचे असते.

देवनागरी फाइलनावे

मराठी वापरकर्त्यांच्या दृष्टीने फाइल प्रणालीची निवड आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. ईएक्सटी४ मध्ये फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइट आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, मात्रा व हलन्त हीही स्वतंत्र चिन्हेच होत. त्यामुळे संपूर्ण देवनागरी नाव ८५ चिन्हांपलीकडे जाऊ शकत नाही. एनटीएफएसमध्ये ही मर्यादा यूटीएफ-१६ च्या २५५ एककांची असल्याने तेथे तितकीच देवनागरी चिन्हे मावतात. लांब मराठी शीर्षके असलेला संग्रह विंडोजमधून लिनक्समध्ये नेताना म्हणूनच अडचण येऊ शकते.

पुणे व महाराष्ट्र

१९८८ साली स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राचे म्हणजेच सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात आहे. या संस्थेने विकसित केलेली बॉस ही डेबियनवर आधारित लिनक्स प्रणाली २००७ पासून उपलब्ध असून तिच्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे. एकापेक्षा अधिक डिस्कची जागा एकत्र करून लवचीकपणे वाटणारे व्हॉल्यूम मॅनेजर हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हेरिटास या अमेरिकी कंपनीचे मोठे विकास केंद्रही पुण्यात उभे राहिले. लिनक्समधील एलव्हीएम हे याच प्रकारचे साधन असून त्यामुळे पार्टिशनचा आकार ठरवण्यात झालेली चूक पुढे सुधारणे सोपे जाते.

मर्यादा व सुरक्षितता

वेगळे पार्टिशन म्हणजे राखीव प्रत नव्हे. डिस्क यांत्रिक वा विद्युत कारणाने निकामी झाल्यास तिच्यावरील सर्व पार्टिशने एकाच वेळी गमावली जातात. त्यामुळे प्रबंध, छायाचित्रे व कार्यालयीन कागदपत्रे यांची प्रत दुसऱ्या उपकरणावर असणे आवश्यक आहे. विभाजन बदलण्यापूर्वी अशी प्रत घेऊन ती उघडते का हे तपासावे, बिटलॉकर वापरात असल्यास त्याची पुनर्प्राप्ती कळ अन्यत्र जपून ठेवावी आणि लॅपटॉप असल्यास तो विजेच्या जोडणीवर ठेवावा. पार्टिशनचा आकार बदलत असताना वीज गेल्यास फाइल प्रणाली अर्धवट अवस्थेत राहू शकते.