अल्पशक्ती लेसर आणि व्रणचिकित्सा : एका क्षीण उपकरणाचा इतिहास

प्रकाशाने व्याधी बरी करण्याची कल्पना लेसरहून बरीच जुनी आहे. त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचाराबद्दल डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांस १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्यांच्या प्रकाशाकडून जंतुनाशाची अपेक्षा होती. पेशीस न मारता उत्तेजन देणारा प्रकाश ही कल्पना पुढची होय, आणि ती एका फसलेल्या प्रयोगातून आली.

मेमन यांचा माणकाचा पहिला लेसर १९६० साली सिद्ध झाला. बोस्टनच्या पॉल मॅकगफ यांनी तशा लेसरने प्राण्यांतील अर्बुदे नष्ट केली. तोच प्रयोग बुडापेस्टचे शल्यविशारद एंद्रे मेस्टर यांनी १९६७ च्या सुमारास करून पाहिला. त्यांच्या लेसरची शक्ती फारच कमी होती. अर्बुदे तशीच राहिली. मात्र प्रकाश दिलेल्या उंदरांचे काढलेले केस इतरांपेक्षा त्वरेने उगवले. यास योगायोग म्हणण्याचा प्रघात आहे. तो अपुरा वाटतो. तुलनेसाठी दुसरा गट राखला नसता, तर हा फरक दिसलाच नसता. पुढे मेस्टर दीर्घकाळ न भरणाऱ्या व्रणांकडे वळले.

आपल्याकडे ट्रॉम्बेच्या अणुशक्ती केंद्रात त्याच दशकाच्या मध्यास गॅलियम आर्सेनाइडचा लेसर तयार झाला. त्याचा उपयोग कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेशी संदेशवहन करण्यासाठी झाला. व्रणाचा विचार तेथे नव्हता. तथापि अशाच अर्धवाहक लेसरांनी पुढे उपचारकक्षांतून हेलियम-निऑनची नळी हटविली.

हा प्रकाश पेशीतील सायटोक्रोम सी ऑक्सिडेझ शोषून घेते, त्यातून नायट्रिक ऑक्साइड मुक्त होऊन केशवाहिन्यांतील रक्तप्रवाह वाढतो, अशी उपपत्ती आहे. ती आकर्षक असली तरी रुग्णशय्येवरील पुरावा एकसारखा नाही. पायाच्या शिराजन्य व्रणांविषयीच्या १९९९ च्या कोक्रेन समीक्षेस चार चाचण्यांतून लाभाचा पुरावा आढळला नाही. उलट, कर्करोगावरील उपचारांत तोंडास येणारे व्रण टाळण्यासाठी २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी याची शिफारस केली. तंबाखूमुळे मुखकर्करोग बोकाळलेल्या आपल्या प्रदेशास हा उपयोग अधिक जवळचा होय. या मतभेदाचे एक मूळ मात्रेत आहे : अल्प प्रकाश पेशीस चेतवितो, अधिक झाल्यास रोखतो, आणि निरनिराळ्या प्रयोगांतील तरंगलांबी व मात्रा एक नाहीत.

२०१५ नंतर ‘फोटोबायोमॉड्युलेशन’ हे नाव रूढ झाले. साध्या एलईडी दिव्यांचाही उपयोग होऊ लागल्याने त्यातून ‘लेसर’ हा शब्दच गळाला आहे.