काटेरी कुंपणाच्या अल्याड

ग्वाल्हेरहून भिंडमार्गे इटाव्याकडे निघालेल्या प्रवाशास आज चंबळेवर कोणी अडवीत नाही. पूल संपतो, राज्य बदलते, इतकेच. मात्र नदीपलीकडच्या याच इटावा जिल्ह्यात १९९८ मध्ये रॉय मॉक्सहॅम या इंग्रज ग्रंथसंवर्धकास एका मातीच्या बांधावर बाभळी आणि बोरींची जुनी रांग आढळली. एका पुस्तकातील ओझरत्या उल्लेखावरून तो काही वर्षे तिचा माग काढीत होता. आपल्या अंगणापासून इतक्या जवळ असलेली ही गोष्ट आपल्याला एका परक्याने सांगावी, याची आम्हांस थोडी लाज वाटते.

ते अवशेष इंग्रजांच्या अंतर्गत जकात रेषेचे होते. टप्प्याटप्प्याने वाढत गेलेली ही रेषा १८६९ च्या सुमारास सिंधू नदीपासून महानदीपर्यंत, सुमारे २,३०० मैल पसरली होती, आणि जवळजवळ १२,००० माणसे तिच्यावर पहारा करीत. दिल्ली, मथुरा, आग्रा, झाशी, सागर, होशंगाबाद, बऱ्हाणपूर ही तिच्या वाटेवरची गावे. ग्वाल्हेरकर मराठी माणसाच्या प्रवासाची बहुतेक सारी ठिकाणे या यादीत सापडतात!

कारण होते मीठ. सांभर सरोवराचे स्वस्त मीठ संस्थानी मुलखातून कंपनीच्या, आणि पुढे राणीच्या, प्रदेशात कर चुकवून जाऊ नये यासाठी हा खटाटोप. रेषेच्या आत उत्तर हिंदुस्थानात मणामागे ३ रुपये कर होता. मुंबई इलाख्यात तो १ रुपया १३ आणे. म्हणूनच ही रेषा दक्षिणेकडेही खेचावी लागली. उलट दिशेने, म्हणजे दुआबातून आपल्याकडे येणाऱ्या साखरेवरही याच चौक्यांवर जकात बसे. शिंद्यांचा मुलूख रेषेच्या बाहेर, काशी-प्रयाग आत. तीर्थयात्रेला निघालेल्या ग्वाल्हेरकराचे गाठोडे चौकीवर सोडले जाणार, हे ओघाने आलेच.

आधी कापलेल्या काटेरी फांद्यांचे कोरडे कुंपण होते. वाळवी ते खाई, वणवा ते जाळी. १८६७ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम या खात्याचा आयुक्त झाला आणि त्याने जिवंत कुंपणाचा ध्यास घेतला. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग अशी त्या त्या मातीला मानवणारी झाडे लावली गेली. चांगल्या ठिकाणी हे कुंपण १० ते १४ फूट उंच आणि ६ ते १२ फूट रुंद झाले. याच ह्यूमचे नाव १८८५ च्या राष्ट्रीय सभेच्या स्थापनेशी जोडलेले आपण शाळेत शिकलो. पक्ष्यांचा अभ्यासक म्हणूनही त्याची कीर्ती मोठी. माणसे एका साच्यातली नसतात.

चौकीवर प्रवाशाचे काय होत असे? या रेषेच्या पूर्वी बंगाल इलाख्यात जागोजागी जकातीचे नाके होते. त्यांविषयी चार्ल्स ट्रेव्हेल्यनने १८३४ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात झडतीच्या अधिकारामुळे होणारा छळ आणि पैशाची उकळणी यांवर कठोर टीका आहे. ते नाके १८३६ मध्ये उठले, पण झडतीचा अधिकार मिठाच्या रेषेवर शिल्लक राहिला. तुटपुंज्या पगाराचा शिपाई, हाती परवाना अडविण्याची सत्ता, आणि समोर पुढच्या मुक्कामाची घाई असलेला वाटसरू. यापुढचे वर्णन करण्याची गरज नाही. गोडसे भटजींनी 'माझा प्रवास' मध्ये लुटारूंची आणि शिपायांची धास्ती लिहून ठेवली, म्हणून १८५७ चा प्रवासी आपल्याला दिसतो. जकातीच्या चौकीवर गाठोडे सोडणाऱ्या बाईने काही लिहिले असल्यास आमच्या पाहण्यात ते नाही. बखरींना लढाया आठवतात. तिची ताटकळ त्यांत कोठून येणार?

१ एप्रिल १८७९ रोजी लिटनच्या कारकिर्दीत, जॉन स्ट्रॅचीच्या पुढाकाराने, ही रेषा मोडली. यात दयाबुद्धी शोधू नये. सांभर सरोवर इंग्रजांनी १८७० मध्येच पट्ट्याने घेतले होते. पुढे संस्थानांशी करार करून मीठ तयार होण्याच्या जागीच त्यावर ताबा मिळविला. ग्वाल्हेर दरबारनेही असा करार केला. मोबदल्यात दरबारास वार्षिक रक्कम मिळू लागली, आणि खाऱ्या मातीपासून मीठ काढणाऱ्यांच्या भट्ट्या विझल्या. कुंपण गेले, पण कर राहिला. दरबाराला भरपाई मिळाली. भट्टीवाल्याला काय मिळाले, हे कोणत्या दप्तरात पाहावे?

आणखी एक गोष्ट, जी सांगताना आमची लेखणी अडखळते. संस्थानाची स्वतःची सायर वसुली होतीच, आणि १९४८ मध्ये मध्यभारतात विलीन होईपर्यंत ग्वाल्हेर स्वतंत्र हद्दीचे संस्थान होते. त्या नाक्यांच्या कचेऱ्यांत दौत-लेखणी घेऊन बसणाऱ्यांत मराठी घरांतील माणसे होती. म्हणजे बऱ्हाणपूरला ज्याचे गाठोडे सोडले गेले तो आपला, आणि आपल्या हद्दीवर दुसऱ्याचे सोडविणाराही आपलाच. घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या कहाण्यांत मात्र पहिलाच तेवढा भेटतो.

आता आमच्यापैकी पुष्कळांची नातवंडे समुद्रापलीकडे आहेत. २००१ नंतर विमानतळांवरील तपासणी कडक झाली, जोडे काढणे आले. सत्तरी ओलांडलेली आजी लोणच्याची बरणी पिशवीतून काढून अनोळखी अधिकाऱ्यापुढे ठेवते आणि तो हातमोजे घातलेल्या बोटांनी झाकण उघडतो. ती काही बोलत नाही. बरणी परत मिळेपर्यंत तिची नजर तिच्यावरून हलत नाही.

कुंपणाच्या बांधावर पुढे बऱ्याच ठिकाणी रस्ते झाले. उरलेल्या बाभळी इटाव्याच्या बाजूस अजून उभ्या असतील, तर हिवाळ्यात एकदा सर्वांनी मिळून पाहून यावे असा आमचा विचार आहे.