गोव्यातील झरी, कोंडी आणि गुंफा

गोव्यात उन्हाळ्याची सुट्टी लागली की पाहुण्यांची पावले किनाऱ्याकडे वळतात आणि गावकऱ्यांची झरीकडे. मे महिन्याच्या उकाड्यात खाऱ्या पाण्यापेक्षा जांभ्याच्या कड्यातून पडणारी गोड्या पाण्याची धार अंगावर घेणे अधिक सुखाचे, हे येथील जुन्या पिढीला शिकवावे लागले नाही. डोंगरपायथ्याच्या गावांत झर असते, नदीच्या वळणावर कोंड असते, आणि काही ठिकाणी खडकात कोरलेल्या गुंफाही जवळपास असतात. ही तिन्ही ठिकाणे एका दिवसात पाहता येतील इतके हे राज्य लहान आहे. मात्र त्यांतल्या कोणत्या पाण्यात उतरावे आणि कोणत्या पाण्याला काठावरूनच नमस्कार करावा, हे आधी ठाऊक असलेले बरे.

झर कशी निर्माण होते, हे समजण्यासाठी सड्याकडे पाहावे लागते. गोव्याच्या मध्यपट्ट्यातील बहुतेक पठारे जांभा दगडाची आहेत. या दगडाला शास्त्रीय परिभाषेत लॅटराइट म्हणतात. हे नाव फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश सर्वेक्षकाने १८०७ मध्ये केरळातील अंगाडिपुरम येथील दगडावरून रूढ केले. लॅटिनमधील विटेच्या शब्दावरून ते घेतले, कारण हा दगड कापून विटांसारखा वापरला जातो. आपल्याकडील चिरा तोच. जांभा वरून कठीण दिसला तरी आतून सच्छिद्र असतो. पावसाळ्यात गोव्यात सरासरी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातील बरेच पाणी सड्याच्या भेगांतून खाली झिरपते. जांभ्याखाली पांढुरक्या, चिकट मातीचा थर असतो. त्यातून पाणी सहज पुढे जात नाही. ते आडवे वाहू लागते आणि जेथे पठाराची कड संपते तेथे बाहेर पडते. तीच झर. म्हणून झरी नेहमी डोंगराच्या पायथ्याशी, उताराच्या कुशीत सापडतात, आणि म्हणूनच पाऊस संपून सहा महिने झाले तरी चांगली झर मे महिन्यात वाहत असते. झरीची खरी परीक्षा मे महिन्यातच होते. जुलैत काय, प्रत्येक वहाळ धबधबा असतो.

पणजी शहराचा एक जुना भागच झरीच्या नावाने ओळखला जातो. फोंतेनास हे नाव पोर्तुगीज भाषेतील झऱ्यांवरून आले. आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी मळा भागातील फोंत फेनिक्स आणि शहरातील बोका द व्हाका या झरी नळाचे पाणी येण्यापूर्वी लोकांची तहान भागवीत. बार्देशात साळगावची सालमोणा आणि पोंबुर्फा येथील झर या सहलीच्या जागा म्हणून प्रसिद्ध आहेत. साळगावला पायऱ्या उतरून गेल्यावर बांधीव कुंडात पाणी पडते. येथे पोहणे म्हणण्यासारखे काही नाही. धारेखाली उभे राहून न्हाणे हाच प्रकार. लहान मुलांना घेऊन जाण्यास अशा जागा सर्वांत योग्य. पाण्यात साबण आणि शाम्पू मात्र नेऊ नये. झरीचे पाणी पुढे कुळागराला जाते आणि तेथून शेताला.

पणजी-मडगाव रस्त्यावर वेर्ण्याजवळ असलेली केसरव्हाळ झर औषधी मानली जाते. त्वचेच्या विकारांवर गुण येतो या श्रद्धेने पिढ्यानपिढ्या लोक तेथे स्नानास येत. या झरीचे पाणी वेर्ण्याच्या सड्यावरून झिरपून येते, आणि त्याच सड्यावर आज राज्यातील मोठी औद्योगिक वसाहत उभी आहे. सड्यावर पडलेले पाणी खाली येणार, तसे सड्यावर सांडलेले इतरही काही खाली येणार, हा साधा हिशेब आहे. पठारावर सिमेंट घातले की मुरणारे पाणी घटते. झर एका दिवसात आटत नाही, ती आधी मे महिन्यात बंद होते, मग एप्रिलमध्ये. डिचोली, सत्तरी आणि सांगे तालुक्यांतील खाणपट्ट्याने हा अनुभव आधीच घेतला आहे. लोहखनिजासाठी भूजलाच्या पातळीखाली खोदकाम गेले, खंदकातील पाणी पंपाने उपसले गेले, आणि भोवतालच्या गावांतील विहिरी व झरी कोरड्या पडल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१२ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा उपसा थांबून खंदक पाण्याने भरले. निळेहिरवे, शांत दिसणारे हे पाणी पोहण्यास सर्वांत धोकादायक आहे. काठ सरळ तुटलेला, पाय टेकण्यास पायरी नाही, माती पायाखालून निसटणारी, आणि खोली कोणालाच ठाऊक नाही. सोडून दिलेल्या चिरेखाणींचीही हीच कथा. नकाशावर ज्याला नाव नाही अशा सुंदर तळ्यात उतरू नये, एवढा नियम मुलांना सांगून ठेवावा.

समुद्राला लागून गोड्या पाण्याचे तळे पाहायचे असेल तर पेडणे तालुक्यातील हरमल येथे जावे. मुख्य किनाऱ्यावरून उत्तरेकडे खडकाळ वाट ओलांडली की एका बाजूला लाटा आणि दुसऱ्या बाजूला टेकडीच्या कुशीत गोडे तळे, असे दृश्य दिसते. पाण्याला वरून येणाऱ्या झऱ्याचा आधार आहे. हंगामात गर्दी फार होते. सकाळी लवकर गेल्यास जागा आपली वाटते.

नेत्रावळीची बुडबुड्यांची तळी वेगळ्या कारणासाठी पाहावी. सांगे तालुक्यातील नेत्रावळी गावात गोपीनाथाच्या देवळासमोर पायऱ्यांनी बांधलेली ही तळी आहे. तळातून बुडबुड्यांच्या माळा सतत वर येत असतात. टाळी वाजवली की बुडबुडे वाढतात असे सांगतात आणि आलेला प्रत्येक जण टाळी वाजवून पाहतोच. तळाच्या भेगांतून वायू वर येतो हे उघड आहे. भाविकांच्या दृष्टीने ते देवाचे पाणी आहे. ही देवळाची तळी असल्याने तिच्यात पोहण्याचा विचारही करू नये. पायरीवर बसून पाय पाण्यात सोडले की छोटे मासे बोटांना लुचू लागतात, तेवढे पुरे.

याच गावापासून पुढे नेत्रावळी अभयारण्य सुरू होते. सुमारे २११ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य म्हादई अभयारण्याबरोबरच १९९९ मध्ये घोषित झाले. सावरी आणि मैनापी हे येथील दोन धबधबे, आणि दोन्हींच्या पायथ्याशी कोंडी आहेत. सत्तरीत वाळपईच्या पुढे चरावणे आणि पाळी, काणकोण तालुक्यात खोतीगाव अभयारण्यातील कुस्के, ही अशीच ठिकाणे. जुलै २०२३ मध्ये मैनापी येथे दोघांचा बुडून मृत्यू झाल्यावर वनखात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर प्रवेशबंदी घातली. अशी बंदी, तिची मुदत आणि तिच्यातील सवलती हंगामानुसार बदलतात. म्हणून घरातून निघण्यापूर्वी वनखात्याच्या संबंधित कार्यालयात चौकशी करावी. नाक्यावरून परतावे लागल्यास चिडण्याचे कारण नाही. तो चौकीदार वर घाटात काय पाऊस पडतो आहे हे आपल्यापेक्षा अधिक जाणतो.

धबधब्याखालच्या कोंडीत पट्टीचे पोहणारेही का बुडतात, असा प्रश्न दरवर्षी विचारला जातो. उत्तर पाण्याच्या स्वभावात आहे. धार जेथे आदळते तेथील पाणी फेसाळ असते, म्हणजे त्यात हवा मिसळलेली असते. अशा पाण्यात शरीर नेहमीसारखे तरंगत नाही. शिवाय पडलेले पाणी तळाशी जाऊन पुन्हा धारेकडे वर येते आणि माणसाला त्याच फेऱ्यात ओढते. तळाच्या खडकात प्रवाहाने आणि गोट्यांनी कोरलेले रांजणखळगे असतात. गुडघाभर पाण्यातून चालताना पुढचे पाऊल पुरुषभर खोल खळग्यात पडू शकते. शेवाळलेल्या खडकावर पाय घसरून डोके आपटते आणि मग पोहता येणे न येणे सारखेच ठरते. सर्वांत फसवा प्रकार म्हणजे अचानक येणारा लोंढा. येथे ऊन असते, वर चोर्ल्याच्या बाजूला पाऊस कोसळलेला असतो. पाणी गढूळ होऊ लागले, पालापाचोळा वाहत आला किंवा आवाज बदलला, तर कपडे गोळा करण्यात वेळ न घालवता काठ गाठावा, आणि तोही ज्या बाजूने परतायचे आहे तो.

गोव्याला पाण्यात उडी मारण्याचे वावडे नाही. २४ जूनच्या सांजांवला डोक्यावर फुलापानांचा कोपेल घालून तरुण विहिरींत उड्या घेतात. पण तेथे गावाची विहीर असते, तिची खोली माहीत असते आणि काठावर सारा वाडा उभा असतो. रानातील कोंडीत यांतले काहीच नसते. २००८ पासून किनाऱ्यांवर व्यावसायिक जीवरक्षक सेवा उपलब्ध झाली, तशी ती प्रत्येक धबधब्यावर असणे शक्य नाही. कोणी बुडत असल्यास मागोमाग उडी टाकू नये. दोर, लांब काठी, साडी, रिकामा बंद कॅन यांपैकी हाती येईल ते फेकावे. १०८ आणि ११२ हे क्रमांक उपयोगी आहेत, परंतु रानात मोबाइलला रेंज नसते. शेवटचे रेंज असलेले ठिकाण जाताना लक्षात ठेवावे.

दूधसागरचे वर्णन येथे लांबवण्याची गरज नाही. गोवा-कर्नाटक सीमेवर सुमारे ३१० मीटर उंचीवरून चार टप्प्यांत कोसळणारा हा धबधबा सर्वांना माहीत आहे. कुळे येथून जीपने जाता येते. ही सेवा पावसाळ्यात बंद असते. रेल्वेमार्गावरून चालत जाण्यास मनाई आहे, आणि ती मोडणाऱ्यांवर कारवाई होते.

आता गुंफांविषयी. मेघालयातील क्रेम लियात प्राह ही तीस किलोमीटरहून लांब गुहा किंवा आंध्र प्रदेशातील ३,२२९ मीटर लांबीची बेलम गुहा मनात ठेवून गोव्यात येणाऱ्याची निराशा होईल. तशा गुहा चुनखडकात पाण्याने विरघळून तयार होतात आणि गोव्यात जांभ्याचे राज्य आहे. येथील प्रसिद्ध गुंफा माणसाने कोरल्या. त्या आकाराने लहान आहेत, पण जांभा कोरणे सोपे असले तरी त्यावर बारीक काम टिकत नाही, हे लक्षात घेता त्यांचे टिकून राहणेच कौतुकाचे.

साखळीजवळील हरवळे येथे पाणी आणि गुंफा दोन्ही हाकेच्या अंतरावर आहेत. रुद्रेश्वराच्या देवळाशेजारी धबधबा कोसळतो आणि थोड्या अंतरावर जांभ्यात कोरलेल्या गुंफा आहेत. लोक त्यांना पांडवांच्या गुंफा म्हणतात. आत शिवलिंगे आहेत. अभ्यासक त्यांचा काळ साधारण सहावे-सातवे शतक मानतात. धबधब्याखालचे पाणी दिसायला आवाहक असले तरी तेथे उतरू नये. डिचोलीजवळील लामगावच्या गुंफा बौद्ध भिक्षूंच्या निवासाशी जोडल्या जातात. फोंडा तालुक्यात खांडेपार येथे नदीजवळच्या झाडीत चार गुंफा आहेत आणि वास्तुरचनेच्या दृष्टीने त्या सर्वांत देखण्या. एरवी गुंफेला वेगळे छप्पर लागत नाही. येथे मात्र वर टप्प्याटप्प्याने निमुळते होणारे शिखरासारखे छत आहे, आणि आतील छतावर कमळ कोरलेले आहे. ही वरची रचना दहाव्या-अकराव्या शतकातील, म्हणजे कदंबकालीन मानली जाते.

गुंफेत शिरण्यापूर्वी दाराशी थोडे थांबावे, विजेरीचा प्रकाश आत टाकावा. सापांना गारवा आवडतो, आणि मधमाश्यांच्या पोळ्याखाली अत्तर किंवा धूर चालत नाही. वटवाघळांची दाट वस्ती असेल तर आत जाऊच नये. त्यांच्या विष्ठेत वाढणाऱ्या बुरशीमुळे फुफ्फुसांचा विकार होऊ शकतो. शिवाय त्रास केवळ माणसाला होतो असे नाही. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, भीमगड अभयारण्याच्या रानात तळेवाडीजवळ बारापेडे गुंफा आहेत. तेथे राहणारे राउटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ १९१३ मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवले आणि त्यानंतर कित्येक दशके ते जगात केवळ याच गुंफांतून ज्ञात होते. पुढे मेघालयात आणि कंबोडियातही ते आढळले, तरी बारापेडेचे महत्त्व कमी झालेले नाही. मशाली आणि आरडाओरडा यांमुळे वटवाघळे दिवसा बाहेर पडली तर पिल्ले दगावतात. ही सहलीची जागा नव्हे.

एकाच दिवसात गुंफा, झर आणि नदी पाहायची असल्यास रिवण गाठावे. मडगावहून केपेमार्गे गेल्यास रस्ता सोपा आहे. गावाजवळील गुंफांत बौद्ध भिक्षू राहत असत, असे मानतात. दाराशी मारुतीचे शिल्प आहे, आतून अरुंद पायऱ्यांची वाट खाली उतरते. धिप्पाड माणसाला वाकूनच जावे लागते. तेथून कुशावतीच्या काठी उसगाळीमळला जावे. नदीकाठच्या जांभ्याच्या सपाट कातळावर बैल, हरणे आणि एक चक्रव्यूहासारखी गोल आकृती कोरलेली आहे. ही कातळशिल्पे १९९३ मध्ये प्रकाशात आली. ती पाहायची तर सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर जावे. भर दुपारी सूर्य डोक्यावर आला की रेषांना सावली उरत नाही आणि समोरचा बैलही दिसेनासा होतो.