दान पालटण्याचा हक्क

फाशाला कथा कळत नाही. चार-पाच मित्र महिनोन्‌महिने एकत्र बसून एखादी मोहीम खेळतात. आपापल्या पात्राला नाव, स्वभाव, वैरी, प्रेम असे सगळे देतात आणि ऐन शिखरावर वीस बाजूंच्या फाशावर ‘एक’ पडतो. पात्र मेले, कथा मोडली. अशा वेळी ‘हे दान मला मान्य नाही’ असे म्हणण्याचा हक्क खेळाडूला असावा काय? पन्नास वर्षांत या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली गेली. नायकाच्या हाती दिलेल्या जादा गुणांचा, म्हणजे ‘हिरो पॉइंट’चा इतिहास तो हाच.

ज्यांच्या घरात हे खेळ शिरलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या लहान गावात गॅरी गायगॅक्स राहत असे. शेजारच्या मिनेसोटात डेव्ह आर्नेसन होता. दोघेही लुटुपुटीच्या लढाया खेळणाऱ्यांपैकी. त्यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली प्रसिद्ध झाला. यात सोंगट्यांचा पट लागतोच असे नाही. एकजण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. ‘मी दार फोडतो’, ‘मी राक्षसाला फसवतो’ असे बोलत कथा पुढे जाते आणि जिथे यश अनिश्चित तिथे फासा पडतो.

आरंभी हा खेळ फारच निर्दय होता. नवख्या जादूगाराला किती घाव सोसतील हे पुढल्या आवृत्तीत चार बाजूंच्या फाशावर ठरे. एका तलवारीच्या फटक्यात कारभार आटोपला. दया होती, पण ती सूत्रधाराच्या मर्जीवर. तो पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासे टाकी. पडले काय आणि सांगितले काय, हे त्यालाच ठाऊक. सूत्रधारासाठी १९७९ साली निघालेल्या ग्रंथात गायगॅक्सने ही मुभा उघड दिली आहे: खेळाडू शहाणपणाने खेळला असेल आणि केवळ फाशाने घात केला असेल, तर पात्राला मारू नये, बेशुद्ध करावे, फार तर एखादा अवयव वा डोळा जावा.

यात गोम अशी की मागितल्याविना मिळालेली दया बोचते. आपल्याकडे अंगणातल्या खेळात धाकट्या भावंडाला ‘कच्चे लिंबू’ करून घेतात. त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद होत नाही; पण ज्या दिवशी त्याला हे उमगते त्या दिवशी तो रडत घरी येतो. आडोशामागचे दान कोणी बदलले असा संशय आला की मोठा खेळाडूही कच्चे लिंबूच होतो. त्याच्या पराक्रमाची किंमत तिथेच उतरते.

यातून वाट निघाली ती मात्र जादूच्या दुनियेत नव्हे, हेरांच्या. मला याचे कारण सरळ वाटते. जादूच्या राज्यात मेलेल्याला उठवणारे मंत्र होते; हेराला कोण उठवणार? गायगॅक्सच्याच कंपनीने १९८० साली ‘टॉप सीक्रेट’ काढला. त्यात कीर्तीचे आणि नशिबाचे असे दोन प्रकारचे गुण होते. ते खर्चून हेर मरणातून वाचे. पण नशिबाचे गुण किती आहेत हे सूत्रधार गुप्त ठेवी! हक्क लिहून दिला, पासबुक मात्र सावकाराकडे. १९८३ च्या ‘जेम्स बाँड’ खेळात ते पासबुक खेळाडूच्या हाती आले. उत्तम कामगिरी केली की हिरो पॉइंट मिळे आणि तो देऊन आपले दान सुधारता येई, नाहीतर शत्रूचा नेम बिघडवता येई. गंमत म्हणजे मुख्य खलनायकांनाही तसेच गुण होते, नाव फक्त वेगळे. नायकाच्या शिलकीत ‘वीरता’, खलाच्या शिलकीत ‘तगून राहणे’.

पुढच्याच वर्षी, १९८४ साली, ‘मार्व्हल सुपर हीरोज’ने या शिलकीला नाव दिले ‘कर्म’. शब्द आपला, प्रवास केवढा! सत्कृत्याने ते वाढे, संकटात खर्चून फाशात भर घालता येई, आणि नायकाने कोणाचा जीव घेतला तर साठलेले सगळे कर्म शून्य. आपल्या शास्त्रांना हा हिशेब फारच उतावळा वाटेल; जन्मांतराची वाट न पाहता फळ त्याच संध्याकाळी. तरी एक गोष्ट त्यांनी नेमकी पकडली. जादा गुण फुकट नसावेत, त्यांना आचरणाची अट असावी.

अद्‌भुताच्या दुनियेत या गुणांना खरे वजन आले ते १९८६ च्या ‘वॉरहॅमर फँटसी रोलप्ले’ या इंग्लंडमधल्या खेळात. याचे नायक राजपुत्र नव्हेत. कोणी उंदीर पकडणारा, त्याच्याजवळ लहानसे पण चावरे कुत्रे. कोणी जुगारी, कोणी कबरी उकरणारा. अशांना दोन-तीन ‘फेट पॉइंट’ दिलेले असत. मरण आले की एक खर्चायचा. मग तलवार चुकते, नदीत पडलेला काठाला लागतो, नाहीतर शत्रूच्या कैदेत जागा होतो. खर्चलेला गुण परत येत नाही. नवा मिळाला तर मोठ्या कार्यानंतर, क्वचित. दीर्घायुषी एल्फांना माणसांपेक्षा हे गुण कमी. ज्यांना आयुष्य लांब, त्यांच्यावर नियतीची माया थोडी, हा तोल कोणाही पुराणकाराला शोभला असता. मला स्वतःला ही पद्धत सगळ्यांत सरस वाटते. शेवटचा गुण संपल्यावर त्या उंदीरवाल्याने पुलावर उभे राहणे म्हणजे काय, हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला कळते.

मूळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या घराण्यात असे गुण उशिरा, बिचकतच आले. २००४ च्या ‘एबेरॉन’ या जगात ‘अ‍ॅक्शन पॉइंट’ खर्चून वीस बाजूंच्या फाशात सहा बाजूंच्या फाशाची भर घालता येई. तिथे जुनाच मानवी स्वभाव आडवा आला: माणूस साठवतो. ‘पुढे याहून मोठे संकट येईल’ म्हणून गुण कनवटीला तसेच राहतात. २०१४ च्या आवृत्तीतले ‘इन्स्पिरेशन’ म्हणूनच एका वेळी एकच ठेवता येते. असताना दुसरे मिळाले तर वाया. २०१९ च्या ‘पाथफाइंडर’च्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक बैठकीच्या आरंभी एक गुण मिळतो, तिनापेक्षा जास्त साठत नाहीत आणि बैठक संपली की उरलेले बुडतात. एक देऊन फासा पुन्हा टाकावा, किंवा होते-नव्हते तेवढे देऊन मरण टाळावे. कंजूषाला त्यात थारा नाही.

२०२४ च्या नव्या नियमांत त्याच इन्स्पिरेशनला ‘हिरोइक’ हे विशेषण लागले, आणि मानवी पात्राला तर ते दीर्घ विश्रांतीनंतर दर वेळी आपोआप मिळू लागले. झोपून उठले की वीरता हजर! उंदीरवाल्याचे ते मोजके दोन-तीन आठवले की हे जरा स्वस्त वाटते. मात्र त्याच नियमांत एक नवी सोय आली आहे. आपल्याजवळ इन्स्पिरेशन आधीच असताना दुसरे मिळाले, तर ते ज्याच्याजवळ नाही अशा सोबत्याला देता येते.