कोल्हापुरी चप्पल : कारागिरी, हक्क व विचारविनिमय

वनस्पतिज द्रव्यांनी कमावलेल्या कातड्यापासून संपूर्णपणे हाताने तयार केले जाणारे पादत्राण. महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या सीमाभागात ते परंपरेने बनत आले असून कोल्हापूर ही त्याची प्रमुख बाजारपेठ असल्यामुळे त्या शहराचे नाव त्यास मिळाले. कौशल्य, कल्पकता व स्थानिक परंपरा यांवर आधारलेल्या उद्योगांना एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून ‘सर्जनशील अर्थव्यवस्था’ ही संज्ञा लावली जाते. जॉन हॉकिन्झ यांच्या २००१ मधील ग्रंथाने ती रूढ केली आणि संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेने २००८ मध्ये या विषयावर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. संज्ञा नवी असली, तरी तिच्यामागील प्रश्न जुना आहे : एखाद्या शहराचा लौकिक ज्यांच्या हातांनी घडतो, त्यांना त्याविषयीच्या निर्णयांत कितपत स्थान असते? कोल्हापुरी चपलेचा अलीकडील इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

निर्मिती : कातडे कमावण्याचे काम परंपरेने ढोर समाजाकडे, तर चपला बनविण्याचे काम चर्मकार समाजाकडे असे. कमावण्यासाठी बाभळीची साल व हिरडा यांचा उपयोग करतात. या क्रियेस बराच काळ लागतो. तळाचे थर खिळे न वापरता कातड्याच्याच वादीने शिवले जातात. पट्टा, अंगठा, कान व वेणी हे चपलेचे ठळक भाग होत. वेणी गुंफणे, नक्षीची भोके पाडणे इ. नाजूक कामे बहुधा घरातील स्त्रिया करतात. तथापि त्यांच्या श्रमाची वेगळी मोजदाद क्वचितच होते. कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाळी, पुकरी हे तिचे काही प्रकार असून त्यांपैकी काहींची नावे गावांवरून पडली आहेत.

इतिहास : राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीत (१८९४–१९२२) कोल्हापूर संस्थानात उद्योग, व्यापार व कला यांना उत्तेजन मिळाले, चर्मोद्योगालाही त्याचा लाभ झाला. त्याच सुमारास बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली. पुढे १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी तेथेच स्थापन झाली. मात्र १९३३ मध्ये ती पुण्यास गेली. भांडवल व यंत्रसामग्री यांवर अवलंबून असलेला उद्योग असा स्थलांतर करू शकतो. चपलेचा धंदा कुटुंबे, वस्त्या व कातडे कमावणारी गावे यांच्या साखळीत गुंतलेला असल्याने तो परिसरातच राहिला. पण विखुरलेल्या कारागिरांची बाजारातील सौदाशक्ती दुबळीच राहिली. मागणी व दर यांची माहिती कारागिरापेक्षा व्यापाऱ्याकडे अधिक असे. १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्र शासनाने चर्मोद्योगासाठी महामंडळ स्थापन केले. ते पुढे संत रोहिदास यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले.

भौगोलिक मानांकन : वस्तूंच्या भौगोलिक उपदर्शनाविषयीचा कायदा भारतात १९९९ मध्ये संमत झाला व २००३ मध्ये अंमलात आला. त्यान्वये कोल्हापुरी चपलेस मानांकन मिळाल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले. त्याच्या क्षेत्रात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर हे जिल्हे येतात. नोंदणीकृत धारक म्हणजे दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळे. नाव एका शहराचे, कारागिरी दोन राज्यांची व हक्क शासकीय संस्थांचा, अशी ही रचना आहे. शिवाय या कायद्याचे संरक्षण मुख्यत्वे नावास मिळते, घाटास नव्हे. आणि भारतातील नोंदणीने परदेशात आपोआप हक्क प्राप्त होत नाही.

२०२५ मधील वाद : जून २०२५ मध्ये मिलान येथील प्रदर्शनात प्राडा या इटालियन संस्थेने कोल्हापुरी घाटाची पादत्राणे मांडली. मूळ परंपरेचा उल्लेख त्या वेळी करण्यात आला नव्हता. महाराष्ट्रात यावर तीव्र प्रतिक्रिया उमटली. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने संस्थेशी पत्रव्यवहार केला, तेव्हा संस्थेने भारतीय हस्तकलेचे ऋण मान्य केले. जुलैमध्ये तिच्या प्रतिनिधींनी कोल्हापुरास भेट देऊन कारागिरांचे काम पाहिले व त्यांच्याशी बोलणी केली. दरम्यान मुंबई उच्च न्यायालयात कारागिरांच्या वतीने दाखल झालेली जनहित याचिका, मानांकनाच्या नोंदणीकृत धारकांनीच दाद मागावयास हवी, या भूमिकेवरून फेटाळण्यात आली. डिसेंबर २०२५ मध्ये प्राडा व दोन्ही महामंडळे यांच्यात करार झाला. त्यानुसार सु. २,००० जोड महाराष्ट्र व कर्नाटक येथे तयार करावयाचे व कारागिरांना प्रशिक्षण द्यावयाचे ठरले. एका जोडाची किंमत सु. ८०० युरो असेल, असे त्या वेळी जाहीर झाले.

समालोचन : या घटनाक्रमात तीन पक्षांनी कारागिरांच्या वतीने बोलणे केले : व्यापारी संघटनेने मध्यस्थी केली, याचिकाकर्त्यांनी न्याय मागितला व महामंडळांनी करार केला. कारागीर मात्र प्रामुख्याने आपले काम दाखविणाऱ्याच्या भूमिकेत राहिला. मध्यस्थीचे महत्त्व कमी नाही. तिच्यावाचून परदेशी संस्था कोल्हापुरात आली नसती. परंतु भेट म्हणजे विचारविनिमय नव्हे. कातडे कमावणारे, शिवणारे, वेणी गुंफणाऱ्या स्त्रिया, व्यापारी व नगरसंस्था यांनी एकत्र बसून मजुरी, कच्चा माल, शिक्का व नफ्याची वाटणी यांवर बोलणे, आणि जे ठरेल ते सर्वांना समजेल अशा भाषेत नोंदविणे, हे त्याचे खरे स्वरूप होय. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या कारागिरांना त्यात मराठी व कन्नड या दोन्ही भाषांतून बोलता आले पाहिजे. चपलेस मिळणारी किंमत व ती बनविणाऱ्यास मिळणारी मजुरी यांतील अंतर कमी होते की नाही, यावरच अशा प्रयत्नांचे यश अवलंबून राहील.